घळीतली पाहुणी

शनिवार, १ नोव्हेंबर. हमदच्या विहिरीपाशी.

आज मी नोकरीला लागले. नातवंडांची लग्नं व्हायच्या वयात. सकाळी सांडणीवर पीठ, साखर, कांदे आणि पाण्याचे जेरीकॅन चढवले, तेव्हा सगळा रुहेबा गाव बघायला उभा होता. माझा थोरला स्वेलम म्हणत होता, आई, तुला घरी काय कमी आहे? मी म्हटलं, कमी काही नाही रे बाबा, पण घरी तू आहेस आणि तू दिवसभर बोलतोस. बायका हसल्या. तोही हसला, पण जरा उशिराच.

वही नुजूदने दिली. नुजूद म्हणजे स्वेलमची मुलगी, माझी नात, आणि आजपासून माझी साहेबीण. अक्षरं मला तिनेच शिकवली. शेळ्या चरायच्या आणि आम्ही दोघी वाळूत काठीने गिरवायचो. शेळ्यांनी कितीदा तरी माझी अक्षरं तुडवली, म्हणून माझं अक्षर असं आहे असं मी सांगते. तिने बजावलंय, आजी, दुपारी थांबलो की रोज लिहायचं, परत आल्यावर मी सगळ्यांना वाचून दाखवणार. म्हणजे स्वेलमबद्दल जपून लिहायला हवं. ते वर आलंच आहे, जाऊ दे.

तर नोकरी. एक मोठी वाट आहे, सगळ्या डोंगरांना वळसा घालून जाणारी. ती एका दमात चालायला कुणाला सवड नसते, म्हणून लोक तुकड्यातुकड्याने चालतात, यंदा एक तुकडा, पुढच्या वर्षी दुसरा. ज्या टोळीची जमीन तिनेच तिथली वाट दाखवायची. हद्दीवर दगडांची रास असते, तिथे पुढच्या टोळीच्या हाती माणसं सोपवायची आणि घरी यायचं. आजवर हे काम पुरुषांचं होतं. यंदा ठरलं की बायकांना बायकांनी न्यावं. नुजूद आमच्या गावातली पहिली वाटाडी, आणि मी तिची स्वयंपाकीण नि सांडणीवाली. स्वेलम अटीवर तयार झाला, आजी बरोबर असली तरच. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, पोरगी नेतेस तशीच परत आण. मी म्हटलं, आणीन. एवढ्या गंभीरपणे विचारलं तर माणूस दुसरं काय म्हणणार.

पाहुण्या दोन. मादाम नेविन कैरोच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, पण अजून प्रत्येक डोंगराला नाव विचारतात. दुसरी इंजी, बँकेतली, पहिल्याच चढाला टाचेला फोड. मी तिला शेळीची चरबी लावून दिली. कैरोकडे म्हातारीला मानाने हाज्जा म्हणतात, तशी म्हणाली, हाज्जा, याचा वास माझ्या साहेबांसारखा आहे. चांगली पोरगी आहे.

संध्याकाळी मी सगळ्यांचे ठसे ओळखून दाखवले. ठसे वाचायला मला शाळा लागली नाही, पाच वर्षांची असल्यापासून हरवलेल्या शेळ्या शोधतेय. मादामचे बूट म्हणजे ट्रकच्या टायरची खूण. इंजी चवड्यावर जोर देते, फोडामुळे. नुजूदच्या बुटांना टाचेवर चांदणी आहे, नवे बूट, मिरवायला घेतलेत. माझ्या चपला जुन्या टायरच्या, डावा पाय जरा फरफटतो. मादाम म्हणाल्या, हाज्जा, तुम्ही तर वाळूतलं वर्तमानपत्र वाचता. मला फार बरं वाटलं.

रविवार, २ नोव्हेंबर. रुकेबाच्या घळीत.

घळ लागली. दोन्ही बाजूंना लाल भिंती, वर आभाळाची चिंधी. मी इथे कधी आले नव्हते. आमच्या बायका शेळ्या इकडे आणत नाहीत, चारा नाही म्हणून असेल. पुरुष उंटांना वरच्या खिंडीने नेत. चालणाऱ्यांना घळ बघायची असते, म्हणून आता वाट आतून काढली आहे. आई एवढंच सांगायची, रुकेबात तोंड आवरावं. पण ती ते मला सगळीकडेच सांगायची, लग्नातसुद्धा.

घळीच्या तोंडाशी एक वाकडी बाभूळ आहे. आमच्याकडे जड झालेलं सामान झाडाला टांगून पुढे जातात, परत आलं की काढून घेतात. दुसरं कुणी हात लावत नाही. इंजीला पटेना, म्हणाली, कैरोत टांगलं तर झाडही नेतील. या बाभळीवर पुष्कळ बोचकी होती, उन्हाने पांढरी पडलेली, सगळी बायकांची. नुजूदने विचारलं, कुणाची गं? म्हटलं, असतील कुणाची, येतील न्यायला. मग मला एका पिशवीवरची नक्षी दिसली. तसली नक्षी माझ्या आईच्या पिढीत भरत. आता कुणाला येतही नाही.

आम्हीही तिथे जास्तीचे कांदे टांगले आणि आत शिरलो.

दुपारी मी रतमच्या झुडपाच्या काटक्या पेटवल्या, निखाऱ्यात भाकर पुरली. काढून राख झटकली तेव्हा असा वास सुटला की मादामनी वही बाजूला ठेवली. आम्ही पहिला घास मोडला आणि मला घळीच्या वळणावर एक बाई उभी दिसली, काळ्या कपड्यांत, बुरखा जुन्या पद्धतीचा, नाण्यांचा. एकटीच. आता खाताना कुणी दिसलं की आमच्या घशाखाली घास उतरत नाही. मी हात वर केला आणि ओरडले, ये गं बाई, भाकर गरम आहे, ये, बैस. घळीने ते उचललं आणि आतपर्यंत नेलं. ये, बैस. ये, बैस. इंजी हसली.

खरं तर येणाऱ्याने आधी सलाम करायचा, बसलेल्याने त्याला उत्तर द्यायचं आणि मग बैस म्हणायचं. मी उलटं केलं. आनंदात होते, आणि बोलायला नवीन माणूस दिसलं की माझं असंच होतं.

ती आली आणि धुराच्या बाजूला बसली, जिथे कुणी बसत नाही. सलाम केला नाही. लाजली असेल म्हटलं. चहाचे पेले आमच्यापुरतेच होते, मी नुजूदला म्हटलं, पोरी, तुझा दे, तू नंतर पी. तिने दिला. पाहुणीने रीतीप्रमाणे तीनदा घेतला. बुरखा काही उचलला नाही, पण पेला रिकामा झाला. मग त्याच पेल्यातून नुजूद प्यायली.

चालायला लागलो तर ती मागून येते आहे. कुठल्या टोळीची, कुठे चालली, विचारायचं नाही. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारत नाहीत. नुजूद माझ्या कानाशी म्हणाली, आजी, तू आणि न विचारता तीन दिवस? मरशील. मी तिला चिमटा काढला.

सोमवार, ३ नोव्हेंबर. घळीतच, सावलीला.

मादाम म्हणाल्या, तुमच्या बहिणीला बरं नाही का, काही बोलत नाहीत. मी म्हटलं, माझी बहीण नव्हे. त्या म्हणाल्या, हो का? चाल अगदी तुमच्या घरची वाटते. इंजीला वाटत होतं की ती पुढच्या टोळीची वाटाडी आहे, आपल्याला घ्यायला आली आहे. म्हणजे प्रत्येकीने तिला दुसरीच्या नावावर टाकलं होतं. माझ्या नावावर ती खरी. मीच बोलावलं.

सांडणीचं काहीतरी बिनसलं आहे. काल बसली नाही, आज ओझं काढू देईना. पाहुणी मागे असली की ही मान वळवून बघते आणि जबडा हलवायचा थांबते. ही सांडणी एरवी कधी जबडा हलवायची थांबत नाही, त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे असं स्वेलम म्हणतो.

मी गंमत म्हणून मागे राहून पाहुणीचे ठसे बघायला गेले. सापडले नाहीत. मादामचे होते, इंजीचे होते, नुजूदची चांदणी होती. मग कळलं. ती नुजूदच्या मागे चालते आणि तिच्याच ठशात पाय ठेवते. एकही चुकत नाही. मऊ वाळूत दम वाचवायला आम्हीही कधी असं चालतो. पण इतकं नेमकं मी पाहिलं नाही.

नुजूदने दुपारी भाकर अर्धी टाकली. मी म्हटलं, काय गं, साहेबीण झालीस म्हणून आजीची भाकर नको? म्हणाली, गोड लागत नाही. उरलेली पाहुणीने खाल्ली. खाल्ली म्हणजे, संपली.

काल रात्री थंडी होती. नुजूद झोपेत कण्हली, मी तिच्या अंगावर माझी शाल घातली. सकाळी शाल पाहुणीच्या अंगावर होती. नुजूद म्हणाली, मीच दिली असेन, आठवत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

ठसे. आधी ठसेच लिहिते.

आज घळीत मऊ वाळू आहे, पिठासारखी. तिच्यावर खोटं उमटत नाही. मादाम आणि इंजी नेहमीसारख्या. नुजूदचा ठसा उथळ आहे. टाच रुतायला हवी, ती नुसती टेकली आहे. करडू चालावं तशी. माझी नात अंगापिंडाने भरलेली आहे, काल परवापर्यंत तिची चांदणी बोटभर खोल जायची.

आणि पाहुणी आज स्वतःच्या पायांनी चालते आहे. अनवाणी. तिचे ठसे खोल आहेत, ओझं घेतलेल्या बाईसारखे. तिच्याजवळ ओझं नाही.

मी नुजूदचा दंड धरला. धरताना वाटलं, धुतलेली बाही धरली आहे. विचारलं, काय होतंय तुला? म्हणाली, काही नाही आजी, बरं वाटतंय, हलकं वाटतंय. मी तिला थट्टेने काहीबाही बोलले, तिच्या मामेभावावरून, ज्याच्यावरून ती नेहमी भांडते. ती भांडली नाही. हसली, पण हसण्याचा आवाज आला नाही.

आता मला आईचं ऐकू येतं आहे. तोंड आवर. आणि ते दुसरंही, जे सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या आणि आम्ही पोरी हसायचो. माणूस असेल तर सलाम करेल. ज्याच्या तोंडात सलाम येत नाही, त्याला आपणहून बैस म्हणू नये. बोलावल्याशिवाय ते येऊ शकत नाही.

मी तिला हाकलू शकत नाही. माझ्या भाकरीचा घास तिच्या पोटात आहे. पाहुण्याला तीन दिवसांच्या आत उठवलं तर शेकोटीचं रक्षण तुटतं आणि मग ती कशालाच बांधलेली नाही. आत्ता निदान ती माझी पाहुणी आहे. उद्या दुपारी तीन दिवस भरतील, मग मला विचारता येईल. उद्याच आम्ही हद्दीच्या राशीपाशी पोचायचं आहे.

इंजी हळूच म्हणाली, हाज्जा, ती बाई रात्रभर नुजूदच्या उशाशी बसून होती. मी म्हटलं, हो, मीही बसले होते. समोरासमोर. आम्ही दोघीही पापणी लवू देत नव्हतो. तिला पापण्या आहेत की नाही ते मला माहीत नाही.

नुजूद, हे तू वाचशील तेव्हा गावात हसत असशील. हसच.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी.

सांडणी पळाली. दोर चावून, हद्दीच्या दिशेने. शहाणी आहे.

आज नुजूदचा ठसा नाही. ती माझ्यापुढे चालते, मी बघते, पाय टेकतो, उचलतो, वाळू तशीच. मादामना दाखवलं नाही. त्यांनी स्वतःच पाहिलं. इंजीचा हात धरून चालू लागल्या.

पाहुणीच्या ठशात आज टाचेवर चांदणी आहे. ती अनवाणीच आहे.

बुधवार, दुपारी.

विचारलं. भाकर मोडली, तिला पहिला तुकडा दिला, तिने घेतला, आणि मी म्हटलं, बाई, तीन दिवस झाले, आता सांग, तू कोण आणि तुला माझ्याकडून काय हवं?

ती बोलली. आवाज नुजूदचा. तसाच, मधे फाटणारा. नुजूद समोर बसून ओठ हलवत होती आणि शब्द बुरख्याआडून येत होते.

म्हणाली, मला रफीक द्या. हद्दीपर्यंत.

रफीक म्हणजे सोबत. परक्या जमिनीतून जाणाऱ्या पाहुण्याला यजमान आपल्या घरचं माणूस बरोबर देतो, हद्दीपर्यंत पोचवायला. आमच्यात हे कुणी नाकारलेलं नाही. मी विचारलं, कुठल्या हद्दीपर्यंत? तिने हात घळीकडे केला. मागे, आत, आम्ही आलो तिकडे. आणि मग बोट नुजूदकडे.

पोरगी उठली होती. बुटांच्या नाड्या बांधत होती.

तेव्हा मला ती बाभूळ आठवली. सगळी बायकांची बोचकी. घरोघरच्या बायका, कुणाच्या तरी शेकोटीवरून सोबत म्हणून गेलेल्या.

आणि रागावले मी. इतकी वर्षं रीतीभातींनी मला जखडलं, आज त्यांनी माझ्या कामाला यायला नको? मी म्हटलं, थांब बाई. शेकोटी माझी, भाकर माझी, हाक मी मारली. रफीक कोण द्यायचा ते पाहुणा सांगत नाही, यजमान ठरवतो. तू ते मोडलंस तर तू पाहुणी नाहीस. रफीक मी.

तिच्या बुरख्यावरची नाणी हलली. मग ती उठली.

नुजूद खोकली. आणि म्हणाली, आजी. तिच्या घशातून. घोगरं, पण तिच्याच.

मादामना मी सांगितलं, रास त्या वळणापलीकडे आहे, पुढच्या टोळीच्या बायका थांबल्या असतील, पोरीला दोघींनी दोन्हीकडून धरा आणि थांबू नका. ही हट्ट करील, ऐकू नका. मी पाहुणीला पोचवून येते. इंजी रडत होती, मी म्हटलं, तुझ्या साहेबाला चरबी लाव. कशाला म्हटलं कुणास ठाऊक.

नुजूद हात सोडवून माझ्यामागे चार पावलं धावली. मी वळून बघितलं, तिच्याकडे नाही, वाळूकडे. चांदणी उमटली होती. बोटभर खोल. तेवढं बघितलं आणि मी चालू लागले.

स्वेलम, पोरगी नेली तशी परत दिली आहे. हे नीट वाच.

गुरुवार. बाभळीपाशी.

जी घळ चालायला इतके दिवस लागले ती आम्ही एका रात्रीत ओलांडली. दमले नाही. डावा पायही दुखत नाही. दुखत नाही हेच—

ती पुढे, मी मागे. मागे बघितलं. ठशांची ओळ एकच. तिची. खोल. डावा पाय फरफटलेला.

ती झाडाखाली उभी आहे. मला लिहू देते. घाई नाही तिला. इथून आत बाजूला आणखी एक घळ आहे, नुजूद, ती मी येताना पाहिली नव्हती. अरुंद. तिच्यात आभाळ नाही.

हद्द कुठे आहे ते मी विचारलं. ती माझ्या आवाजात म्हणाली, ये, बैस.

आपले कांदे टांगले आहेत तिथेच वही टांगते. तू येशील तेव्हा काढून घे. उन्हं असताना ये. मादामना घेऊन ये, एकटी नको. वाटाडेपण सोडू नकोस, तुझा पहिला गट तू नीट सोपवलास.

पोरी, ऐक. आता हे एकच. घळीत कुणी दिसलं तर आधी हाक मारू नकोस. भूक लागल्यासारखं दिसलं तरी. म्हातारं असलं तरी. त्याला आधी सलाम करू दे. पुरता. कानांनी ऐक.

मी आत्ता सलाम म्हणून बघितला. ओठ हलले. पुन्हा बघितला. शब्द आहे माहीत, तोंडात येत नाही—

म्हणून सांगते. वळणावर मी दिसले तरी. माझी शाल असली, पाय फरफटत असला, हसत असले तरी. मी तुझ्याकडे बघून हात करीन, मला बोलायची किती हौस आहे तुला माहीत आहे. सलाम केला नाही तर मला ये म्हणू नकोस. भाकर देऊ नकोस. पाणी दे— नको, पाणीसुद्धा नको. आजी म्हणूनही हाक मारू—